‘ऐच्छिक’ आहे, तर माझ्या मुलीचं नाव वर्गात का वाचतात?

माझी मुलगी सातवीत आहे, तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत. पंधरा दिवस झाले, मुलांच्या ‘अपार’ नावाच्या सरकारी क्रमांकासाठी वर्गाच्या ग्रुपवर रोज निरोप येतोय : ‘अपारचं संमतीपत्र भरून पाठवा. विद्यार्थी आणि पालक दोघांच्या आधारचा फोटो ग्रुपवर टाका. अपार आयडी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.’ ज्यांची सही बाकी आहे त्यांची नावं बाई वर्गात वाचून दाखवतात. परवा ती घरी येऊन रडली. म्हणाली, ‘आई, सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं.’ मिस्टर म्हणतात, आपल्याला लपवायचं काय आहे, करून टाक सही.

मला दोन गोष्टी खटकतात. चौथीत असताना आजारपणामुळे तिचे आठ महिने गेले. आम्हीच विनंती केली म्हणून शाळेने तिला पुन्हा चौथीत बसवलं. ते सगळं आता जन्मभर एका नंबराखाली राहणार का? दुसरं म्हणजे तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर वेगळं आहे, शाळेत वेगळं. एकदा दुरुस्तीला गेलो तर आडनावातच नवी चूक होऊन आली. माझं शिक्षण बारावी. मी उगाच शंका काढतेय का? सही करू की नको?

— एक आई, सांगली जिल्हा

ताई,

उत्तर आधी सांगते. आज सही करू नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. पण या आठवड्यात, लेक रडली म्हणून किंवा ग्रुपवर रोज निरोप येतो म्हणून करू नका. तिचं नाव आधी सरळ होऊ द्या, कागद शांतपणे वाचा, मग दोघं बसून ठरवा. तोवर तिच्या शिक्षणाचं काहीही अडत नाही.

आणि तुमची शंका उगाच नाही. वकील, शिक्षक, संगणकाची जाण असलेले लोक हेच प्रश्न विचारत आले आहेत. बारावी शिकलेल्या आईने ते स्वतःहून विचारले, याचं मला फार बरं वाटलं.

अपार म्हणजे काय ते ग्रुपवर कुणी सांगितलं नसेल. ‘ऑटोमेटेड पर्मनंट अ‍ॅकॅडमिक अकाउंट रजिस्ट्री’ या लांब नावाची ती आद्याक्षरं. मुलाला बारा अंकी क्रमांक मिळतो. तो आधारवरून पडताळून तयार होतो आणि डिजिलॉकरला, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायच्या सरकारी सोयीला, जोडला जातो. शाळेपासून पदवीपर्यंतचे निकाल, प्रमाणपत्रं, क्रेडिट असं सगळं त्याच्याखाली जमा व्हावं, असा हेतू आहे. कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना पालकांच्या संमत्या घ्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये ९ आणि १० तारखेला त्यासाठी ‘मेगा अपार दिवस’ ठरवून दिले गेले. घाई तेव्हापासून अंगात आली आहे, ती अजून उतरलेली नाही.

पण ही सगळी मोहीम संमतीवर उभी आहे. अपार ऐच्छिक आहे असं केंद्र सरकारचं स्वतःचं म्हणणं आहे. सक्तीची गोष्ट असती तर तुमच्याकडे सही मागितलीच नसती. सीबीएसईने परीक्षेच्या नोंदणीत हा क्रमांक मागायला सुरुवात केली, तेव्हा पालकांनी नकार दिला असेल तर तसं नोंदवायची सोय त्यांनाही ठेवावी लागली. तुमची मुलगी सहा ते चौदा या वयात बसते, म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत बसणं हा तिचा हक्क आहे. शिवाय २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार दाखवता आलं नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. आधारच सक्तीचं नाही, तर आधारवर उभ्या असलेल्या दुसऱ्या क्रमांकापायी सातवीतल्या मुलीची परीक्षा कशी अडवणार? ‘परीक्षेला बसता येणार नाही’ हे वाक्य कुणीतरी भीती घालायला लिहिलं आणि पुढचे ते न वाचता पुढे पाठवत राहिले, एवढंच मला दिसतं.

आता बाईंबद्दल. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं. शेवटची काही वर्षं तर शिकवण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या माहितीचं सरकारी ‘सरल’ पोर्टल भरण्यात जास्त गेली. त्यामुळे तुमच्या बाई कुठून बोलताहेत ते मला कळतं. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर शाळानिहाय टक्केवारी येते. अमुक शाळा शंभर टक्के, तमुक ऐंशीवर अडकलेली. मुख्याध्यापकांना वरून फोन, मुख्याध्यापकांचा वर्गशिक्षकांना. त्यात आपल्या राज्यात शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या मुलांच्या पटावर धरायचा आग्रह गेली काही वर्षं होतो आहे. ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते मूल रोज वर्गात बसत असलं तरी कागदावर डळमळीत. एखाद्या अनुदानित शाळेत पाच-सात मुलांच्या फरकाने शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. बाईंच्या आवाजात जी धार आली आहे तिच्यामागे ही नोकरीची भीती असते. तुम्ही भांडायला जाणार असाल तर हे लक्षात ठेवून जा.

तरीही नावं वर्गात वाचणं चूकच. मीही एकदा वाचली आहेत. शिष्यवृत्तीचे कागद बाकी असलेल्यांची यादी होती. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेले तर कळलं, त्याचा जन्मदाखलाच काढलेला नव्हता आणि तो कसा काढायचा हे आईला ठाऊक नव्हतं. मुलाला वाटलं, चूक त्याची आहे. तो चेहरा मला अजून आठवतो. कागद मोठ्यांचा असतो, मान मात्र मुलांची खाली जाते.

या क्रमांकाचा उपयोग काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तुमच्या जिल्ह्यातल्या घराघरांतून गुणपत्रिका आणि दाखले उन्हात वाळत घातलेले मी पाहिलेत. शाई उतरलेली, कोपरे गळून पडलेले. ज्यांची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये होती ते त्या फेऱ्यातून वाचले. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुलं अर्धं वर्ष एका जिल्ह्यात, अर्धं दुसऱ्यात. त्यांचा माग शाळांना लागत नाही. एका क्रमांकाने ती गळती थोडी जरी थांबली तरी मला आनंद होईल. म्हणून ज्यांनी सही केली त्यांनी चूक केली असंही मी मानत नाही.

माझी अडचण संमतीपत्राच्या मजकुरापाशी आहे. ते तुम्ही ओळ न ओळ वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. मिळालं नाही तर कुणाकडून तरी वाचून घ्या. मी पाहिलेल्या नमुन्यात तीन गोष्टी होत्या. पहिली : मुलाचं नाव, पत्ता, वय, जन्मतारीख, लिंग, फोटो ही माहिती शिक्षणाशी संबंधित संस्थांना देता येईल, आणि त्या यादीत नोकरभरती करणाऱ्या संस्थांचाही उल्लेख आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या माहितीशी नोकरभरती करणाऱ्यांचा काय संबंध, हे कुणीतरी आपल्याला सांगायला हवं की नाही? दुसरी : संमती कधीही मागे घेता येईल, पण तोवर जी माहिती वापरली गेली तिच्यावर त्याचा परिणाम होणार नाही. सही मागे घेता येते, गेलेली माहिती मागे येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जी तिथे नव्हतीच. ‘मी संमती देत नाही’ असं लिहायला जागा. तुमच्या कागदावर ती आहे का, बघा.

याच्या मागे संसदेने अपारसाठी केलेला वेगळा कायदा नाही. आहे ते धोरण आणि पत्रकं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी असं तो म्हणतो. सरकारला मात्र त्यात बऱ्याच सवलती आहेत. म्हणजे राखणदार नेमायच्या आधीच धान्य खळ्यावर येऊन पडलंय.

धान्य सांडतं हे आपण पाहिलंही आहे. लॉकडाउनमध्ये तुमच्या मुलीनेही कदाचित ‘दीक्षा’ हे सरकारी अभ्यासाचं अ‍ॅप वापरलं असेल. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की त्या अ‍ॅपवरची लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती एका उघड्या सर्व्हरवर वर्षाहून जास्त काळ पडून होती. कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही. कुलूप लावायचं राहिलं, एवढंच. पण ज्याची माहिती गेली त्याला कारणाने काय फरक पडतो?

‘ऐच्छिक’ या शब्दाला मी का बिचकते तेही सांगते. पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. तेव्हा तोही ऐच्छिक होता. त्याला कायदा मिळाला २०१६ मध्ये. मधल्या काळात गॅसचं अनुदान, रेशन, बँक, शिष्यवृत्ती असं एकेक दार त्याला जोडत गेलं. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार नाही म्हणून कुणाचं नुकसान होता कामा नये. तरी गॅस एजन्सीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना हा आदेश कुणी वाचून दाखवला नाही. शब्द ऐच्छिक राहिला, रांगेतल्या माणसाची इच्छा मात्र कुणी विचारली नाही. अपारचं तसं होऊ नये असं वाटत असेल तर आत्ता, सुरुवातीलाच, काही आयांनी शांतपणे ‘थांबा, वाचते’ म्हणायला हवं.

आता तुमचा आजारपणाचा प्रश्न. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. सही केली नाही म्हणून ते वर्ष पुसलं जाणार नाही. पुन्हा चौथीत बसल्याची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहेच. शिवाय यू-डायसवर, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद होते आणि तिथे तिला ‘पेन’ नावाचा कायमस्वरूपी क्रमांक आधीच मिळालेला असणार. म्हणजे सरकारला ती कुठल्या वर्गात कधी होती हे ठाऊक आहे. अपारने फरक पडतो तो असा की ही माहिती आधार आणि डिजिलॉकरशी बांधली जाते आणि शाळेबाहेर, पुढे कॉलेज आणि नोकरीपर्यंत, तिच्याबरोबर चालू लागते. काय काय बरोबर चालणार, चौथीची हजेरी की फक्त बोर्डाच्या गुणपत्रिका, हे तुम्ही शाळेला लेखी विचारू शकता. मला विचाराल तर आठ महिने अंथरुणावर काढून पुन्हा उभी राहिलेल्या पोरीला त्या नोंदीची लाज वाटायचं कारण नाही. ती गोष्ट कुणाला, कधी सांगायची हे मात्र तिचं तिने ठरवावं, पोर्टलने नाही.

मिस्टरांना हेच सांगा. लपवणं वेगळं आणि कुणाला किती सांगायचं ते आपण ठरवणं वेगळं. घरात कुणाचं ऑपरेशन झालं हे आपण डॉक्टरला सांगतो, किराणा दुकानदाराला सांगत बसत नाही, त्यात लपवाछपवी काही नसते. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल लपवाछपवी करणाऱ्यांसाठी दिला नव्हता, तुमच्या-माझ्यासाठी दिला होता.

सगळ्यात तातडीचं काम नावाचं आहे, आणि ते अपार हवं असो वा नको, करावंच लागेल. आधारवर नावात आयुष्यात दोनदाच बदल करता येतो, जन्मतारखेत एकदाच. तुमची एक संधी त्या आडनावाच्या चुकीत गेलेली दिसते. म्हणजे आता एकच उरली. त्यानंतर प्रादेशिक कार्यालयाकडे खास विनंती करून खेटे घालावे लागतात. म्हणून आधार केंद्रात धाव घेऊ नका. आधी तिचा जन्मदाखला समोर ठेवा. त्यावरचं नाव बरोबर असेल तर तेच अक्षरन् अक्षर प्रमाण धरा. नसेल तर आधी दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून दुरुस्त करून घ्या. मग शाळेत अर्ज देऊन जनरल रजिस्टर जुळवा. ती शाळेत आहे तोवर हे होण्यासारखं असतं, दाखला हातात घेऊन बाहेर पडल्यावर फार अवघड होऊन बसतं. सगळ्यात शेवटी आधार. आपल्याकडे शाळा आडनाव आधी लिहिते, आधारवर ते शेवटी येतं, मधे वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. केंद्रात पावतीवर सही करायच्या आधी स्क्रीनवरची तिन्ही नावं स्वतः वाचा, ऑपरेटरला घाई असली तरी. वय पंधरा झाल्यावर तिचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतील, तेही लक्षात असू द्या.

आणि आधारचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. टाकला असेल तर आजच काढून टाका. त्या ग्रुपवर चाळीस-पन्नास घरं आहेत, प्रत्येक घरात दोन-तीन फोन. शाळेला प्रत हवी असेल तर हातात नेऊन द्या आणि प्रतीवर आडवं लिहा : ‘फक्त शाळेच्या नोंदीसाठी’, खाली तारीख.

शाळेसाठी अर्ज साधा कोऱ्या कागदावर करा. मुख्याध्यापकांच्या नावाने. मी असा लिहिला असता :

‘माझी मुलगी इयत्ता सातवीत शिकत आहे. तिच्या आधार व शाळेच्या नोंदीतील नावात तफावत असून दुरुस्तीचे काम चालू आहे. अपार क्रमांकासाठी मी सध्या संमती देत नाही. संमतीपत्राची मराठी प्रत मिळावी. अपार नसल्यास परीक्षेस बसू न देण्याबाबत काही आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी.’

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शेवटच्या वाक्याला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण दाखवायला तसा आदेश नसतो. त्याउपर कुणी परीक्षेची भीती घातलीच तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथूनही काही झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण इथवर जायची पाळी येईल असं मला वाटत नाही. पोच मागणारी आई दिसली की कार्यालयाचा आवाज खाली येतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

पुढचं पुढे. दहावीच्या आधी, नाव सगळीकडे जुळलेलं असेल तेव्हा, संमतीपत्र पुन्हा काढून वाचा. तोवर मजकूर बदललेला असू शकतो, कायदा लागू झालेला असेल. तेव्हा तुम्हाला फायदा मोठा वाटला तर खुशाल सही करा. मुलीलाही विचारा, ती पंधरा-सोळा वर्षांची असेल, तिला मत असेल. आणि तिला एक गोष्ट आत्तापासून सांगून ठेवा : आई-वडिलांनी लहानपणी काढलेलं आधार, अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत अर्ज करून रद्द करता येतं. ती करेल असं नाही. पण आपल्याला विचारण्याची एक वेळ येणार आहे, हे तिला माहीत असावं.

अर्ज द्यायला मधल्या सुट्टीत जा, लेकीला वर्गातून बोलावू नका. कार्यालयातून निघालात की बाईंना व्हरांड्यात गाठा. त्यांची टक्केवारी माझ्यामुळे अडतेय याची मला जाणीव आहे, असं आधी म्हणा. नाव दुरुस्तीला किती दिवस लागतील तेही सांगा, म्हणजे वर उत्तर द्यायला त्यांच्याकडे काहीतरी असेल. मग एवढंच मागा, की उद्यापासून यादी वाचायची असेल तर मला फोन करा, तिचं नाव वर्गात वाचू नका.